जर्मनटाउनची मेनोनाइट मंडळी : लहानच राहिलेल्या एका उपासक समाजाचा इतिहास

टिपणवही

फिलाडेल्फिया शहराच्या वायव्य भागात जर्मनटाउन नावाची जुनी वस्ती आहे आणि तेथे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची एक लहानशी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समाज, आहे. उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुनी मेनोनाइट मंडळी अशी तिची ओळख करून दिली जाते आणि त्यापाठोपाठ १६८८ सालच्या गुलामगिरीविरोधी निवेदनाचा उल्लेख हमखास येतो. दोन्ही गोष्टी निराधार नाहीत. मात्र तेवढ्यावरच थांबले, तर या मंडळीच्या इतिहासातला विचार करण्याजोगा भाग बाजूलाच राहतो. माझ्या मते हा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो : मंडळीत कोणाला घ्यायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न एकदा १७०८ साली ऐरणीवर आला आणि पुन्हा १९९७ साली. मधली जवळजवळ तीनशे वर्षे ही मंडळी प्रामुख्याने टिकून राहण्याच्याच खटपटीत होती.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २१ जानेवारी १५२५ रोजी झ्युरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. पाळण्यातल्या बालकाला दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, माणसाने समजत्या वयात स्वतः होऊन तो घ्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. आज ही बाब किरकोळ वाटेल. पण त्या काळी बाप्तिस्म्याची नोंद म्हणजेच राज्याच्या प्रजेतील नोंद असल्यामुळे हा सरळसरळ राजद्रोह ठरला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला १५२७ च्या जानेवारीत झ्युरिकच्याच लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. पुढे फ्रीसलंडमधील मेनो सिमन्स या कॅथलिक पाद्र्याने १५३६ मध्ये आपले पद सोडले आणि विखुरलेल्या, पिचलेल्या या लोकांना एकत्र बांधले. त्याच्याच नावावरून हे लोक मेनोनाइट म्हणून ओळखले जाऊ लागले. शपथ घ्यायची नाही, शस्त्र उचलायचे नाही आणि शक्यतो सत्तेच्या खुर्चीवर बसायचे नाही, हे त्यांचे ठळक नियम. १६३२ साली नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्ट येथे त्यांनी अठरा कलमांचा विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, तयार केला. त्यावर सही करणाऱ्यांत ऱ्हाइन नदीजवळच्या क्रेफेल्ड गावचा हेर्मान ओप डेन ग्रेफ होता. हे नाव लक्षात असू द्यावे.

ऑरेंज घराण्याच्या अमलाखाली असल्यामुळे क्रेफेल्डमध्ये मेनोनाइटांना बऱ्यापैकी निर्धास्तपणे राहता येत असे. लिननचे विणकाम हा त्यांचा मुख्य धंदा. १६७० च्या दशकात इंग्लंडमधून आलेल्या क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांचा प्रभाव पडून त्यांतील काही कुटुंबे क्वेकर झाली आणि गावात त्यांचा छळ सुरू झाला. त्याच सुमारास विल्यम पेन या इंग्रज क्वेकराने अमेरिकेतील आपल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीत जमीन आणि धर्मस्वातंत्र्य दोन्ही देऊ केले. क्रेफेल्डची तेरा कुटुंबे ‘कॉनकॉर्ड’ जहाजाने ६ ऑक्टोबर १६८३ रोजी फिलाडेल्फियाला उतरली. फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस हा सुशिक्षित वकील त्यांच्याआधी, ऑगस्टमध्येच, तेथे पोहोचला होता. त्याच्या पुढाकाराने वसलेले गाव म्हणजे जर्मनटाउन. गावाच्या शिक्क्यासाठी त्याने तीन पानांचे चिन्ह निवडले : एका पानावर द्राक्षवेल, दुसऱ्यावर जवसाचे बोंड आणि तिसऱ्यावर विणकराची रिळे. द्राक्षांचे फारसे काही झाले नाही. जवस आणि विणकाम यांनी मात्र गाव तगवले.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, या तेरा कुटुंबांपैकी बहुतेक सर्व कुटुंबे निघतानाच क्वेकर झालेली होती. यान लेन्सन याचे कुटुंब तेवढे मेनोनाइट राहिले होते, असे अभ्यासक मानतात. म्हणजे मंडळीचा जन्म १६८३ चा म्हणायचा, तर त्या वर्षी तिची सभासदसंख्या एका घरात मावत होती. पुढे आणखी मेनोनाइट आले. सुरुवातीला ते क्वेकरांच्या बरोबरीनेच एकत्र बसत. त्यांच्यात उपदेशक कोणीच नव्हता, म्हणून ॲमस्टरडॅमहून आलेला डिर्क कायझर छापील प्रवचने वाचून दाखवीत असे. या दिवसांविषयी मंडळीचा पुढचा वडील, म्हणजे दीक्षित प्रमुख, याकोब गोडशाल्क याने लिहून ठेवले आहे, आणि आपण मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होतो, असे त्याने त्यात म्हटले आहे.

१६९८ मध्ये विलेम रिटनहाउस या कागद करणाऱ्याची उपदेशक म्हणून निवड झाली. अमेरिकेतील हा पहिला मेनोनाइट उपदेशक. आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. उपदेश करायला मंडळीने निवडलेला माणूस चालतो. परंतु बाप्तिस्मा द्यायला आणि प्रभुभोजनाचा (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा) विधी चालवायला दीक्षा मिळालेला वडील लागतो. ती दीक्षा दुसऱ्या दीक्षित वडिलाने डोक्यावर हात ठेवूनच द्यायची असते आणि असे सर्व वडील अटलांटिकच्या पलीकडे होते. त्यामुळे पंचवीस वर्षे ही मंडळी भरत होती, गात होती, प्रवचने ऐकत होती. मात्र ज्या विधीसाठी तिच्या पूर्वजांनी जीव दिले, तो समजत्या वयातला बाप्तिस्माच तिला देता येत नव्हता. गावात वाढलेली मुले मोठी झाली तरी बाहेरच उभी होती.

उत्तर जर्मनीतील हॅम्बर्ग-आल्टोना येथील मंडळीकडे विनंती गेली की कोणीतरी वडील पाठवावा. समुद्रप्रवासाला कोणी तयार झाले नाही. परंतु त्यांनी सल्ला दिला की, परिस्थिती पाहता तुम्हीच तुमच्यातून माणूस निवडून हे काम सुरू करावे. रिटनहाउस १७०८ च्या फेब्रुवारीत वारला आणि जबाबदारी गोडशाल्कवर आली. ९ मे १७०८ रोजी त्याने अकरा जणांना बाप्तिस्मा दिला आणि २३ मे रोजी पहिले प्रभुभोजन झाले. मुलांसाठी प्रश्नोत्तरी आणि ‘नवा करार’ या बायबलच्या भागाच्या लहान प्रती पाठवाव्यात, असे पत्र त्याच वर्षी ॲमस्टरडॅमला रवाना झाले आणि लाकडी ओंडक्यांचे पहिले सभागृहही त्याच वर्षी उभे राहिले. एखाद्या संस्थेचा वाढदिवस ठरवायचाच असेल, तर मी १६८३ पेक्षा १७०८ चा मे महिना निवडेन. परंपरेची साखळी तुटली तरी चालेल, पण मंडळी चालली पाहिजे, असा निर्णय त्या महिन्यात झाला. आणि विशेष म्हणजे तो युरोपातील जुन्या जाणत्यांच्या संमतीने झाला.

त्यानंतरचा शतकभराचा भाग भराभर सांगता येतो, कारण मंडळी वाढलीच नाही. मेनोनाइटांचा ओढा शेतीकडे होता. १७०२ पासून स्किपॅककडे आणि १७१० पासून लँकेस्टरकडे लोक जाऊ लागले आणि तेथे मोठ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. डॉर्ड्रेख्टचा अंगीकार १७२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील सोळा उपदेशकांनी सह्या करून स्वीकारला, त्यांत जर्मनटाउनही होते. १७७० साली ओंडक्यांच्या सभागृहाच्या जागी दगडी सभागृह बांधले गेले आणि ते आजही जर्मनटाउन ॲव्हेन्यूवर ६११९ क्रमांकावर उभे आहे. त्याला मनोरा नाही, वेदी नाही. शेजारी दफनभूमी आहे. ४ ऑक्टोबर १७७७ रोजी याच रस्त्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्याची लढाई झाली आणि ब्रिटिश सेनाधिकारी जेम्स ॲग्न्यू याला या दफनभूमीच्या भिंतीआड दडलेल्या माणसाने गोळी घातली, असे परंपरेने सांगतात. शस्त्र न उचलणाऱ्या लोकांच्या भिंतीच्या वाट्याला हे यावे, ही गोष्ट गावातील वाटाडे चवीने सांगतात. माझ्या लेखी तो योगायोग आहे, त्यातून काही निष्पन्न होत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषा मागे पडली, १८५४ मध्ये जर्मनटाउन फिलाडेल्फिया शहरात विलीन झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मंडळी जवळपास नावापुरती उरली. तिला पुन्हा जीव आला तो १९७० च्या दशकात, शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि समाजसेवेसाठी शहरात आलेल्या तरुण मेनोनाइटांमुळे. तोवर आजूबाजूची वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची झाली होती. पुढे उपासकांना सभागृह अपुरे पडू लागले आणि मंडळी जवळच्याच दुसऱ्या इमारतीत गेली. जुनी वास्तू आता एक न्यास सांभाळतो.

आणि मग १९९७. मंडळीने समलिंगी स्त्री-पुरुषांना पूर्ण सभासद म्हणून स्वीकारले होते. ती ज्या फ्रँकोनिया कॉन्फरन्सशी, म्हणजे त्या भागातील मेनोनाइट मंडळ्यांच्या परिषदेशी, संलग्न होती, तिने बरीच वर्षे चर्चा केली आणि अखेर मतदान घेऊन या मंडळीला बाहेर काढले. खंडातील सर्वांत जुनी मंडळी तिच्याच परंपरेतील परिषदेबाहेर गेली. १७०८ मध्ये वरिष्ठांनी सांगितले होते की तुमचे तुम्ही ठरवा. १९९७ मध्ये नेमके तेच नाकारले गेले.

जाणकारांनी यात भर घालावी.

अक्षरजुळारी

लेख मनापासून आवडला. एक शंका आहे. १६८८ च्या निवेदनाला आपण केवळ ओझरता स्पर्श केला आहे. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमध्ये गुलामगिरीच्या विरोधात कोणत्याही धार्मिक गटाने केलेला हा पहिला लेखी निषेध मानला जातो. सही करणारे क्वेकर असतील, तर मेनोनाइट मंडळी त्याचे श्रेय कोणत्या आधारावर घेते?

टिपणवही

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

निवेदनावर चार सह्या आहेत : गेरेट हेन्ड्रिक्स, डेरिक ओप डेन ग्रेफ, पास्टोरियस आणि अब्राहम ओप डेन ग्रेफ. पास्टोरियस मूळचा लुथरन. डेरिक आणि अब्राहम हे डॉर्ड्रेख्टच्या अंगीकारावर सही करणाऱ्या त्या हेर्मान ओप डेन ग्रेफचे नातू. १६८८ च्या एप्रिलमध्ये हे चौघेही क्वेकरांच्या सभेला जात होते, निवेदन क्वेकरांनाच उद्देशून होते आणि ते तयार झाले थोनेस कुंडर्स या क्वेकराच्या घरी. त्यामुळे ‘मेनोनाइटांचे निवेदन’ म्हणणे कागदोपत्री चुकीचे आहे. परंतु विचार कोठून आला असे विचाराल, तर उत्तर इतके सरळ नाही. त्या वेळी पेनसिल्व्हेनियातील बरेच इंग्रज क्वेकर स्वतः गुलाम बाळगून होते आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. क्रेफेल्डहून आलेल्या विणकरांना मात्र ते खटकले. फरक पंथाचा नव्हता, तर ते कोठून आणि कोणत्या घरातून आले याचा होता.

निवेदनाचा युक्तिवाद मुळातून वाचण्यासारखा आहे. इंग्रजी सदोष आहे, वाक्ये अडखळतात, पण मुद्दे सरळ आहेत. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण लोकांशी वागावे, हा पहिला मुद्दा. समुद्रावर अनोळखी जहाज दिसले की तुर्क आपल्याला पकडून गुलाम म्हणून विकतील या भीतीने तुम्ही थरथरता. मग येथे वेगळे काय चालले आहे, हा दुसरा. माणसे चोरणारा आणि चोरलेली माणसे विकत घेणारा सारखेच दोषी, हा तिसरा. नवऱ्यापासून बायकोला तोडून दुसऱ्याला विकणे म्हणजे व्यभिचाराला हातभार लावणे, हा चौथा. आणि शेवटी एक प्रश्न आहे, जो शस्त्रत्याग करणाऱ्या लोकांकडून येणे थक्क करणारे आहे : हे लोक उद्या उठले, तर त्यांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा जितका हक्क तुम्हाला त्यांना गुलाम ठेवण्याचा, तितकाच नाही का? तुम्ही तेव्हा तलवार उचलणार का?

कागदाचा पुढचा प्रवास सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा झाला. क्वेकरांच्या स्थानिक मासिक सभेने विषय फार गहन असल्याचे सांगून तो त्रैमासिक सभेकडे पाठवला, त्रैमासिक सभेने तेच कारण देऊन बर्लिंग्टन येथील वार्षिक सभेकडे, आणि वार्षिक सभेने निर्णय देणे उचित नाही असे ठरवून तो बाजूला ठेवला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली ती १७७६ मध्ये. मूळ कागद १८४४ मध्ये पुन्हा सापडला, नंतर परत हरवला आणि २००५ मध्ये क्वेकरांच्याच एका सभागृहाच्या तिजोरीत मिळाला. ज्या मेजावर सह्या झाल्या असे परंपरेने मानतात, ते मेज जर्मनटाउनच्या मेनोनाइट सभागृहात ठेवलेले आहे. कागद एकाचा, मेज दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. जाता जाता : ज्या कुंडर्सच्या घरी हे घडले, त्याच्याच वंशात पुढे आगबोटींच्या कंपनीचा संस्थापक सॅम्युएल क्यूनार्ड जन्माला आला.

अक्षरजुळारी

उत्तराबद्दल आभारी आहे. माझे आयुष्य छपाईच्या धंद्यात गेल्यामुळे रिटनहाउसविषयी थोडी भर घालतो. ब्रिटिश अमेरिकेतील पहिली कागद गिरणी त्याने १६९० मध्ये विसाहिकन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर सुरू केली. भागीदारांत विल्यम ब्रॅडफर्ड हा मुद्रक होता. कागद लगद्यापासून बनत असे आणि लगदा जुन्या लिननच्या चिंध्यांपासून. चिंध्या भिजवून कुजवायच्या, पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या मोगऱ्यांनी कुटायच्या, मग तारेच्या जाळीची चौकट त्या पातळ लगद्यात बुडवून एकेक ताव उचलायचा, लोकरी कापडांच्या थरांमध्ये दाबायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. म्हणजे जर्मनटाउनच्या विणकरांनी विणलेले कापड अंगावर झिजले की रिटनहाउसकडे जायचे आणि ताव बनून ब्रॅडफर्डच्या छापखान्यात पोहोचायचे. पुढे ब्रॅडफर्ड न्यूयॉर्कला गेला, तेव्हा त्याच्या हिश्श्याचे भाडे रिटनहाउस कागदाच्या रिमांमध्ये चुकते करीत असे. मधल्या काळात गिरणी पुरात वाहून गेली आणि त्याने ती पुन्हा उभारली.

माझ्या दृष्टीने यातली गंमत अशी की, मंडळीचा उपदेशक हा पगारी पाळक नव्हता. आठवडाभर लगद्यात हात बुडवणारा कारागीर होता. १६८८ चे निवेदन त्याच्या कागदावर लिहिले असेल, असे कोणाला वाटण्याची शक्यता आहे. पण गिरणी त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली.

कुंपणालगत

लेखकाचे १९९७ विषयीचे विवेचन मला एकांगी वाटते, म्हणून लिहितो. मी स्वतः दुसऱ्या एका प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो आहे आणि मंडळीच्या शिस्तीचा प्रश्न जवळून पाहिला आहे.

मेनोनाइट परंपरेत शिस्त ही वरून लादलेली बाब नाही, ती गाभ्यातच आहे. डॉर्ड्रेख्टच्या अंगीकारात दोषी सभासदाला मंडळीबाहेर काढण्यावर आणि बाहेर काढलेल्यांशी व्यवहार टाळण्यावर स्वतंत्र कलमे आहेत. बाप्तिस्मा समजून-उमजून घ्यायचा, याचा अर्थच असा की तुम्ही एका करारात स्वेच्छेने आलात आणि त्या कराराचा जाब तुम्हाला इतर विचारू शकतात. फ्रँकोनिया कॉन्फरन्समधील ग्रामीण मंडळ्यांनी हेच केले. त्यांच्या निर्णयाशी कोणी असहमत असू शकेल, परंतु तो परंपरेच्या विरुद्ध होता असे म्हणता येणार नाही. शिवाय १७०८ ची तुलना मला पटत नाही. तेव्हा जर्मनटाउनने कोणाचाही नियम मोडला नव्हता. त्यांनी विचारले, वाट पाहिली, अनुमती मिळवली आणि मगच पाऊल उचलले.

टिपणवही

आपला शेवटचा मुद्दा वजनदार आहे. १७०८ मध्ये अनुमती होती, १९९७ मध्ये नव्हती. हा भेद मान्यच करायला हवा. शिस्त परंपरेच्या गाभ्यात आहे, हेही खरे आहे.

माझा आक्षेप शिस्तीला नाही, ती कोणी चालवायची याला आहे. डॉर्ड्रेख्टमध्ये अभिप्रेत असलेली शिस्त ही एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांमधली आहे. आधी एकांतात समज द्यायची, मग साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे; आणि शिस्तीचा विषय असतो एखादी व्यक्ती, तिचे एखादे वर्तन. १९९७ मध्ये जी कारवाई झाली, ती एका संपूर्ण मंडळीवर झाली, आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या मंडळीतील माणसांबरोबर कधी प्रभुभोजन घेतले नव्हते. प्रतिनिधींनी मतदानाने एखादी मंडळी वेगळी काढणे ही रीत सोळाव्या शतकातली नाही, ती परिषदा घट्ट झाल्यानंतरची आहे.

आणि फ्रँकोनियाच्या बाबतीत असे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १८४७ मध्ये जॉन ओबरहोल्टझर या उपदेशकावरून तेथे मोठी फूट पडली होती. उपदेशकांसाठी ठरलेला, कॉलर नसलेला साधा कोट घालायला त्याने आरंभी नकार दिला, येथून वाद पेटला. नंतर परिषदेला लेखी घटना असावी, सभांचे इतिवृत्त ठेवावे, असा त्याने आग्रह धरला आणि तो व त्याचे सहकारी बाहेर पडले. त्यांतून ईस्टर्न डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्स निर्माण झाली. कोटाच्या कॉलरवरून दुरावलेल्या या दोन परिषदा पुन्हा एक झाल्या त्या २०२० च्या सुमारास. म्हणजे पावणेदोनशे वर्षे लागली. इतिवृत्त ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्याला घालवले गेले, हे आज वाचताना विचित्र वाटते. पण लेखी घटना आली की अधिकार माणसांकडून कागदाकडे जातो, ही जुन्या लोकांची भीती पूर्णपणे अनाठायी होती असे मला वाटत नाही.

कुंपणालगत

व्यक्ती आणि मंडळी यांच्यातील भेद आपण चांगला मांडला आहे. तरीही एक विचारतो : एखादी मंडळी शिस्त चालवायलाच नकार देत असेल, तर शेजारच्या मंडळ्यांनी काय करावे? गप्प बसणे हाही एक निर्णयच असतो. १६८८ च्या वार्षिक सभेने तेच केले आणि त्याबद्दल आपण तिला दोष देतो.

टिपणवही

हा पेच खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे हुकमी उत्तर नाही. एवढेच म्हणेन की वार्षिक सभेचा दोष तिने हस्तक्षेप केला नाही हा नव्हता. तिच्या पुढ्यात ज्यांच्यावर अन्याय होत होता ती माणसे होती आणि तिने त्यांच्याऐवजी सभेतल्या एकोप्याचा विचार केला, हा होता. १९९७ मध्येही एकोप्याचाच विचार झाला, फक्त या वेळी त्यासाठी कोणालातरी बाहेर काढावे लागले.

पुढचे घडलेले नोंदवून ठेवतो. २००२ मध्ये दोन मोठ्या शाखा एकत्र येऊन मेनोनाइट चर्च यूएसए ही संघटना अस्तित्वात आली. २०२२ च्या मे महिन्यात तिच्या प्रतिनिधींनी कॅन्सस सिटी येथे ठराव केला, समलिंगी आणि तत्सम सभासदांना आपल्या धोरणांमुळे इजा झाल्याचे त्यात मान्य केले आणि त्यांना अटकाव करणारे सभासदत्वाचे निकष रद्द केले. काही मंडळ्या यामुळे नाराज होऊन दूर गेल्या.

वऱ्हाडातला

चर्चा उत्तम चालली आहे. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक दुवा जोडतो, कारण मेनोनाइट म्हटले की घोडागाडी आणि पेनसिल्व्हेनिया एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते.

१८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइटांनी भारतात धान्य आणि पैसा पाठवला आणि त्या ओळखीतून १८९९ मध्ये जेकब रेस्लर आणि डॉ. विल्यम पेज, ॲलिस पेज हे दांपत्य धमतरीला आले. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे या मिशनचे सरकारदरबारचे काम नागपूरशी बांधलेले होते. येताक्षणीच दुसरा दुष्काळ पडला आणि मिशनची सुरुवात अनाथ मुले सांभाळण्यापासून झाली. मेनोनाइटांच्या दुसऱ्या शाखेने त्याच सुमारास चांपा येथे काम सुरू केले. धमतरीचे ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे.

मंडळी कोणी चालवायची, हा आपला प्रश्न तेथेही आलाच. पैसा, जमीन आणि निर्णय दीर्घकाळ मिशनऱ्यांच्या हाती होते आणि ते स्थानिक मंडळ्यांकडे सोपवायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. आल्टोनाच्या वडिलांनी १७०८ मध्ये जे पत्राने करून टाकले, त्याला येथे अर्धशतक लागले. अर्थात मधे रंग, भाषा आणि साम्राज्य होते, त्यामुळे तुलना फार ताणू नये.

आणखी एक. जगभरातील मेनोनाइटांचे अधिवेशन १९९७ च्या जानेवारीत कलकत्त्याला भरले होते. म्हणजे ज्या वर्षी जर्मनटाउनची मंडळी बाहेर काढली गेली, त्याच वर्षाच्या प्रारंभी जगभरचे मेनोनाइट प्रतिनिधी आपल्या देशात एकत्र बसले होते.

टिपणवही

कलकत्त्याच्या अधिवेशनाचा हा दुवा जोडल्याबद्दल आभार. आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील मेनोनाइटांची एकत्रित संख्या युरोप आणि उत्तर अमेरिकेपेक्षा जास्त आहे, आणि या प्रश्नांवर त्यांच्यापैकी अनेक मंडळ्यांची मते जर्मनटाउनपेक्षा फ्रँकोनियाच्या अधिक जवळची आहेत. ‘कुंपणालगत’ यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे फिलाडेल्फियापुरता राहत नाही.

धमतरीच्या मंडळ्यांना जमिनी आणि संस्था कशा हस्तांतरित झाल्या, यावर आपण स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती करतो. त्या विषयाची तेथेच नीट चर्चा होईल.